राजीखुशीचा राजीनामा

राजीनामा हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो बाहेरून आला आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. 'राजी' अरबीतून आला आणि 'नामा' फारसीतून. राजी म्हणजे ज्याची संमती आहे, खुशी आहे असा. आणि नामा म्हणजे पत्र, लेख. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी आपसांत केलेलं तडजोडीचं पत्र. नोकरी सोडण्याला उर्दूत वेगळा शब्द आहे, इस्तिफा. त्याच्या मुळाशी 'अफ्व', म्हणजे माफी, हा शब्द आहे. मला या कामातून माफ करा, मोकळं करा, अशी ती विनंती आहे. मराठीने नोकरी सोडण्यासाठी विनंतीचा शब्द घेतला नाही, संमतीचा घेतला.

जुन्या मुंबई इलाख्याच्या जमीन दप्तरात हा शब्द जोडीने येतो: राजीनामा आणि कबुलायत. शेतकऱ्याला जमीन सोडायची असली की तो राजीनामा लिहून देई, आणि जो ती जमीन घेई तो कबुलायत लिहून देई. एकाने सोडलं, दुसऱ्याने स्वीकारलं, आणि दोन्ही गोष्टी कागदावर आल्या. आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यातला, त्यामुळे आमच्याकडचा जुना कारभार निराळा. पण ही जोडी मला फार आवडते. नोकरी सोडताना नेमकं हेच व्हायला हवं. सोडणाऱ्याची राजी असावी, घेणाऱ्याने ते कबूल करावं आणि दोन्हींचा कागद असावा.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाला राजीनाम्याशी काय करायचं आहे? कवितेवर घर चालत नाही. बी. ए. झालो आणि अनेक वर्षं एका शिक्षण संस्थेत कारकुनी केली. आवक-जावकचं रजिस्टर माझ्याकडे असे. आजही गेवराईत लोक माझ्याकडे कविता ऐकायला कमी आणि अर्ज लिहून घ्यायला जास्त येतात. त्यात नोकरी सोडण्याचे अर्ज पुष्कळ असतात. नोकरी मागण्याचा अर्ज चार जणांना दाखवून, सुवाच्य अक्षरात लिहिणारा माणूस नोकरी सोडण्याचा अर्ज मात्र घाईत, रागात किंवा भीतीत लिहितो. कधी कधी तर लिहीतच नाही. त्यात त्याचं जे नुकसान होतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

काम सोडण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. आमच्या भागात सालगडी पाडव्याला ठरतो आणि पाडव्यालाच सुटतो. धान्य किती, रोख किती, हे साल ठरतानाच बोललेलं असतं. पुढच्या साली राहायचं नसेल तर पाडवा जवळ आला की गडी मालकाच्या कानावर घालतो, म्हणजे मालकाला दुसरा माणूस बघता येतो. उचल किती घेतली, खाडे किती झाले याचा हिशेब होतो. बैलं, औतं, दोरखंड ताब्यात दिले जातात. आजच्या कंपनीच्या भाषेत सांगायचं तर नोटीस, शेवटचा हिशेब आणि कार्यभार सोपवणं, हे तिन्ही त्यात आलं. माझे अब्बा आडत दुकानात दिवाणजी होते. ते म्हणायचे, दुकानातून उठताना गल्ला मोजून उठावं. आपल्यासाठीही आणि शेटसाठीही. फरक इतकाच की तो व्यवहार चार माणसांसमोर तोंडी होई, आणि आजच्या नोकरीत तोंडी शब्दाला साक्षीदार मिळत नाही.

आता राजीचा प्रश्न पाहू. खाजगी शाळांमध्ये एके काळी एक वाईट चाल होती. नेमणुकीचा आदेश हातात देतानाच नव्या शिक्षकाची सही कोऱ्या कागदावर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर घेऊन ठेवायची. माणूस जड वाटू लागला की कपाटातून तो कागद काढायचा आणि त्यावर तारीख टाकायची. मी ज्या संस्थेत होतो तिचं नाव घेत नाही, पण असा एक कागद मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका शिक्षकाला बोलावून त्याचाच राजीनामा त्याच्यापुढे ठेवला गेला. सही त्याची, मजकुराचं अक्षर दुसऱ्याचं आणि तारीख आदल्या दिवसाची. आदल्या दिवशी तो गृहस्थ आजारी मुलाला घेऊन बीडच्या दवाखान्यात बसला होता.

त्या शिक्षकाला जो आधार मिळाला तो महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती कायद्याचा. हा कायदा १९७७ चा. त्याचं सातवं कलम फक्त राजीनाम्याविषयी आहे आणि अगदी साधं आहे. शाळेतल्या कर्मचाऱ्याला राजीनामा द्यायचा असेल तर त्याने पत्र दोन प्रतींत तयार करावं, दोन्ही प्रतींवर सही करावी, तारीख घालावी, एक प्रत नोंदणी टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. वाचताना वाटतं, एवढ्याशा गोष्टीला कायदा कशाला? पण विचार करा. टपालाची पावती कर्मचाऱ्याकडे असते. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो, त्यावर तारीख असते. कपाटातून निघालेल्या कागदाला शिक्का कुठून येणार? कर्मचाऱ्याजवळची दुसरी प्रत कुठून येणार? राजीनामा खरोखर त्याच्याच मनाने दिला गेला की नाही, याचा पुरावा कायद्याने पाकिटात आणि पावतीत ठेवला आहे.

त्या शिक्षकाने त्याच दिवशी पत्र लिहिलं: मी राजीनामा दिलेला नाही, आदल्या दिवशी मी अमुक ठिकाणी होतो, कलम सातप्रमाणे माझ्याकडून कोणतंही टपाल संस्थेस गेलेलं नाही. पत्र नोंदणी टपालाने गेलं, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना गेली. तो कागद पुन्हा कपाटातून बाहेर आला नाही. गृहस्थ पुढे त्याच शाळेतून वयोमानाने निवृत्त झाले. शाळेत असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९८१ च्या नियमांप्रमाणे कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची नोटीस द्यायची असते. नोटिशीचा पगार भरून आधी मोकळं होण्याचीही सोय आहे. टपालाच्या बाबतीत मात्र थोडा बदल झाला आहे. नोंदणी टपालाची जुनी स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. त्यामुळे आता स्पीड पोस्टानेच पाठवायचं, पण खिडकीवर नोंदणीची सोय मागून घ्यायची आणि पावती जपून ठेवायची.

दडपणाखाली लिहिलेला राजीनामा हा फक्त शाळेपुरता प्रश्न नाही. १९७४ मध्ये गुजरातेत नवनिर्माण आंदोलन झालं. तेव्हा आमदारांना घेराव घालून त्यांच्याकडून राजीनामे घेतले गेले. त्यानंतर त्याच वर्षी राज्यघटनेत तेहतिसावी दुरुस्ती झाली. आमदाराचा किंवा खासदाराचा राजीनामा स्वेच्छेने दिलेला नाही, किंवा खरा नाही, अशी सभापतींची किंवा अध्यक्षांची खात्री झाली तर त्यांनी तो स्वीकारू नये, असं घटनेत लिहिलं गेलं. म्हणजे देशाच्या घटनेनेही राजीनाम्यातली 'राजी' तपासायला सांगितलं आहे.

गेवराईकरांना याचं उदाहरण घरचंच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी गेवराईच्या तेव्हाच्या आमदारांनी राजीनामा दिला. त्या दिवसांत राज्यातल्या आणखीही काही लोकप्रतिनिधींनी राजीनाम्याची पत्रं लिहिली. चौकाचौकात चर्चा झाली की आता पोटनिवडणूक लागणार. ती लागली नाही, कारण नुसतं पत्र लिहिल्याने आमदारकी जात नाही. घटनेप्रमाणे ते पत्र स्वतःच्या सहीने अध्यक्षांच्या नावे असावं लागतं आणि अध्यक्षांनी ते स्वीकारावं लागतं. त्यातलं राजकारण बाजूला ठेवू. आपल्या नोकरीलाही हाच नियम लागू आहे. राजीनामा कुणाच्या नावे लिहायचा हे नेमणुकीच्या आदेशावर पाहावं. ज्याच्या सहीने नेमणूक झाली, त्याच्या किंवा त्याच्या जागेवर आलेल्या अधिकाऱ्याच्या नावे तो लिहायचा. सुपरवायझरला मोबाइलवर 'उद्यापासून येत नाही' असा निरोप पाठवला म्हणजे राजीनामा झाला, असं मानू नये.

आता रागाविषयी. माझ्याकडे येणारे निम्मे राजीनामे रागातले असतात. साहेब चारचौघांत बोलले, रजा नाकारली, कनिष्ठाला बढती मिळाली. माणूस येतो आणि म्हणतो, लिहा, आत्ताच्या आत्ता सोडली. मी त्याला चहा पाजतो आणि उद्या ये म्हणतो. बहुतेक जण येत नाहीत. रागातल्या पत्राचं काय होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेल्या एका प्रकरणातून दिसतं. अलाहाबादच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंना निलंबित केलं होतं. त्यांनी आपली बाजू मांडणारं पत्र लिहिलं आणि शेवटी वैतागून लिहिलं की आता राजीनामा देण्यावाचून मला पर्याय उरलेला नाही. व्यवस्थापनाने तेवढंच वाक्य उचललं आणि राजीनामा स्वीकारल्याचं कळवून टाकलं. न्यायालयाने सांगितलं की ही वैतागाची भाषा आहे, हा राजीनामा नाही. त्यांना न्याय मिळाला, पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. गेवराईतल्या किती जणांना तेवढं जमेल? तेव्हा तक्रार असेल तर तक्रारीचं पत्र लिहा आणि राजीनामा द्यायचा असेल तर राजीनाम्याचं लिहा. दोन्ही एका कागदावर आणू नका.

दिलेला राजीनामा मागे घेता येतो का, असं पुष्कळ जण विचारतात. १९७७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मे महिन्यात राजीनामा लिहिला आणि तो १ ऑगस्टपासून लागू होईल असं त्यात म्हटलं. जुलैमध्ये त्यांचं मन बदललं आणि त्यांनी तो मागे घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ मध्ये निकाल लागला की पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख येण्यापूर्वी मागे घेता येतो. अलीकडचं उदाहरण कोकण रेल्वे महामंडळाचं. एका कर्मचाऱ्याने डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला. तो स्वीकारल्याचं त्याला रीतसर कळवलं गेलं नव्हतं आणि तो कामावरही येत होता. मे २०१४ मध्ये त्याने राजीनामा मागे घेतला, तरी त्याला जुलैपासून मोकळं करण्यात आलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. राजीनामा स्वीकारल्याची कार्यालयांतर्गत टिप्पणी पुरेशी नाही, ती संबंधित माणसापर्यंत पोचली पाहिजे. म्हणजे कबुलायतीचाही कागद हातात हवा. तो मागून घ्या.

हे निकाल वाचून असं मात्र समजू नका की राजीनामा केव्हाही मागे घेता येतो. स्वीकृती हातात पडली आणि तारीख उलटून गेली की दार बंद होतं. राजीनामा देण्यापूर्वीच घरात बसून पुरता विचार करावा.

पत्र लिहायचं कसं? चार ओळी पुरतात. मी अमुक पदावर अमुक तारखेपासून काम करीत आहे. या पदाचा राजीनामा देत आहे. नियमाप्रमाणे नोटिशीची मुदत धरून अमुक तारखेच्या कामकाजानंतर मला कार्यमुक्त करावं. माझा कार्यभार कुणाकडे सोपवायचा ते कळवावं. खाली सही, तारीख आणि गाव. कारण द्यायचं असेल तर 'वैयक्तिक कारणास्तव' एवढं पुरे. ज्यांना गझल माहीत आहे त्यांना मी सांगतो की राजीनामा मक्त्यासारखा असावा. शेवटचा शेर, त्यात आपलं नाव, आणि मग थांबायचं. पत्र प्रत्यक्ष देत असाल तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कुणी शिक्का देत नसेल तर पोस्ट आहेच.

मग मनातलं सांगायचंच नाही का? सांगायचं, पण वेगळं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू संहिता विधेयकाचं जे झालं त्याने ते व्यथित होते, आणि इतरही कारणं होती. पंडित नेहरूंना लिहिलेलं पत्र त्यांनी छोटं ठेवलं आणि आपल्या नावावरची संसदेतली कामं उरकेपर्यंत आपल्याला राहावं लागेल, हेही त्यात कळवलं. कारणांचं सविस्तर निवेदन त्यांनी स्वतंत्रपणे तयार केलं. १० ऑक्टोबरला सभागृहात ते वाचण्यावरून अडचण उभी राहिली, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिलं. पद सोडण्याचा कागद एक आणि कारणांचा कागद दुसरा. आपली नोकरी लहान असेल, पण हा धडा आपल्यालाही घेता येतो.

दुसरं उदाहरण चिंतामणराव देशमुखांचं. मुंबई महाराष्ट्राला मिळावी या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. त्या वर्षीचा, म्हणजे १९५६ चा, अर्थसंकल्प फेब्रुवारी अखेरीस त्यांनीच मांडला होता. मुंबईचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. तरी वर्षाचा हिशेब अर्धवट टाकून ते उठले नाहीत. त्यांनी पद सोडलं ते जुलैमध्ये. मतभेद कितीही तीव्र असला तरी हातातलं काम ज्याचं त्याला नीट सोपवून जायचं, ही जुनी मराठी रीत आहे.

कार्यभार सोपवताना यादी करावी. किल्ल्या किती, रजिस्टरं कोणती, कुठल्या पानापर्यंत लिहिलेली, शिल्लक रक्कम किती, संगणकाचे पासवर्ड कुणाला दिले. देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या आणि एक प्रत आपल्याजवळ. आमच्या घरात याला अमानत म्हणतात. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असेपर्यंत तिची जबाबदारी आपली. सोपवली आणि सही घेतली की आपण मोकळे. मी संस्था सोडली तेव्हा माझी यादी सव्वादोन पानं झाली होती. पुढे दोन वर्षांनी एक जुनं रजिस्टर सापडेना आणि मला विचारणा आली. मी यादीतला क्रमांक आणि घेणाऱ्याची सही दाखवली. विषय तिथेच संपला.

नोकरी घेताना केलेला करारही सोडण्यापूर्वी काढून वाचावा. विजया बँक नावाची सरकारी बँक होती, २०१९ मध्ये ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तिथल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर २ लाख रुपये भरण्याचा करार केला होता. २००९ मध्ये त्याने नोकरी सोडली, पैसे भरले आणि त्या अटीला न्यायालयात आव्हान दिलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. सरकारी बँकेला नव्या भरतीसाठी मोठा खर्च येतो, असं त्यामागचं कारण होतं. तेव्हा सही करतानाच वाचा, आणि तेव्हा वाचलं नसेल तर सोडण्यापूर्वी तरी वाचा.

आता मला ज्यांची सर्वांत जास्त काळजी वाटते त्यांच्याविषयी. गेवराई तालुक्यातली पुष्कळ मुलं वाळूज, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत कामाला जातात. बहुतेक ठेकेदाराकडे असतात. दिवाळीला गावी येतात आणि परत जातच नाहीत. फोन बंद करतात. दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत लागतात. त्यांना वाटतं, नोकरी सुटली. ती कागदावर सुटलेली नसते. कंपनीच्या दप्तरात ते न सांगता गैरहजर असतात. अनुभवाचा दाखला मिळत नाही, शेवटचा पगार अडकतो आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. मग लग्नाच्या किंवा दुखण्याच्या वेळी पैसे काढायला जावं तर अर्ज अडतो.

त्यांच्यासाठी थोडी माहिती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेप्रमाणे कामगाराने राजीनामा दिला तर त्याचं देय वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं असतं. भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक, ज्याला यूएएन म्हणतात, तो जन्मभर एकच असतो. नव्या कंपनीत तोच द्यावा, म्हणजे जुनं खातं जोडता येतं. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. तीन-तीन वर्षांचे तुकडे जोडले नाहीत तर ती दहा वर्षं भरतच नाहीत. मालकाने सोडल्याची तारीख भरली नसेल तर २०२० पासून कामगाराला ती स्वतः भरता येते; मात्र शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने जावे लागतात.

ग्रॅच्युइटी दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागू होते. पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर स्वतः राजीनामा दिला तरी ती मिळते. हे अनेकांना माहीत नसतं. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना नव्या संहितेप्रमाणे एका वर्षाच्या सेवेनंतरही ती मिळू शकते. हिशेब सोपा आहे. महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. हिशेबात धरला जाणारा पगार १३ हजार असेल आणि सहा वर्षं झाली असतील तर ४५ हजार रुपये होतात. साडेचार वर्षं झाल्यावर साहेबाशी भांडून निघून येणाऱ्या मुलाला मी एवढंच म्हणतो, कॅलेंडर पाहिलंस का?

सरकारी नोकरीचं गणित वेगळं आहे. तिथे राजीनामा दिला की आधीची सेवा साधारणपणे बुडते. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२ चे आहेत आणि त्यात तसं स्पष्ट म्हटलं आहे. वीस वर्षं झालेल्याने थकून काम सोडायचं असेल तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करावा, राजीनाम्याचा नाही. एका शब्दाने आयुष्यभराचं निवृत्तिवेतन जाऊ शकतं. स्पर्धा परीक्षा देऊन एका सरकारी पदावरून दुसऱ्या पदावर जाणाऱ्यांनीही कार्यालयाची परवानगी घेऊन रीतसर मार्गाने अर्ज केलेला असावा, आणि दुसऱ्या शासकीय पदावर रुजू होण्यासाठी राजीनामा देत आहोत हे पत्रात लिहावं. म्हणजे जुनी सेवा जोडून मागता येते.

हे सगळं सांगताना माझ्या डोळ्यांपुढे ती माणसंही आहेत ज्यांना राजीनामा देताच येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या तालुक्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडातून उठायचं नाही. बाळंतपण जवळ आलं, ताप आला, मुलाची शाळा बुडाली, तरी फेड व्हायची असते. पाडव्याला सुटणाऱ्या सालगड्याला निदान एक दिवस ठरलेला असतो. इथे हंगाम संपला तरी उचल बाकी राहिली तर ती पुढच्या सालावर जाते. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली आहे. १९७६ पासून वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आहे. कर्जापोटी कुणालाही जबरदस्तीने कामावर अडकवता येत नाही, हे त्या कायद्याने सांगितलं. उचलीचा हिशेब लेखी मागणं, अंगठा टाकण्यापूर्वी आकडा कुणाकडून तरी वाचून घेणं, त्याची प्रत जवळ ठेवणं, एवढी सुरुवात तरी त्यांच्या बाबतीत व्हायला हवी. टोळी निघण्यापूर्वी गावातल्या शिकलेल्या मुलांनी अशा दहा घरांचा हिशेब लिहून दिला तरी पुष्कळ काम होईल.

काम धरणं हातात असतं तसं ते सोडणंही हातात असेल, तरच माणूस राजीखुशीने काम करतो असं म्हणता येईल. ज्यांना हे स्वातंत्र्य मिळालं आहे त्यांनी ते रागात किंवा फोन बंद करून उधळू नये. तुमच्या घरात कुणी नोकरी सोडायच्या विचारात असेल तर त्याला आज संध्याकाळी नेमणुकीचा आदेश शोधून काढायला सांगा. नोटिशीची मुदत किती, पत्र कुणाच्या नावे, सेवा किती वर्षांची, हे त्यातूनच कळेल. बाकीच्या चार ओळी लिहायला फार वेळ लागत नाही.